घरात लग्न आणि बाळाचा बाप्तिस्मा एकाच वेळी आलाय? मंडळीला सोबत घेऊन सगळं कसं पार पाडायचं

बहुतेक घरांत हे असंच सुरू होतं. धाकट्याचं लग्न ठरतं, थोरली बहीण लांबून तान्हं बाळ घेऊन येणार असते, आणि जेवता जेवता कोणीतरी म्हणतंच, "सगळे जमणारच आहेत तर बाळाचा बाप्तिस्मापण त्यातच करून टाकू ना!" कल्पना वाईट नाहीये. आजी-आजोबांना दोनदा प्रवास नको, सुट्ट्या एकदाच, सगळी भावंडं एका ठिकाणी. पण बोलायला जेवढं सोपं तेवढं करायला नाही, आणि तुमची मंडळी (म्हणजे तुमच्या चर्चमधले सगळे लोक) छोटी, घट्ट, एकमेकांना तीन पिढ्या ओळखणारी असेल तर अजूनच नाही.

कारण अशा मंडळीत कोणी नुसता पाहुणा नसतोच. नवरीला संडे स्कूलमध्ये शिकवलेल्या बाई असतात, नवऱ्याला कॉयरमध्ये खोड्या काढताना पाहिलेले काका असतात, आणि त्या सगळ्यांना वाटतं की हे आपल्याच घरचं कार्य आहे. त्यांना तुम्ही काम दिलं नाहीत तर ते स्वतःहून घेतील, आणि स्वतःहून घेतलेलं काम नेमकं तुम्हाला नको असतं त्या पद्धतीने होतं. म्हणून पुढे जे काही लिहिलंय त्याचा गाभा एकच, कामं भरभरून वाटा पण निर्णय वाटू नका. निर्णय घरच्या दोन-तीन माणसांकडेच राहू देत.

सगळ्यात आधी फादर किंवा पास्टर, मग हॉल

हॉल बुक करून, तिकिटं काढून मग फादरकडे जाणारे लोक आहेत, आणि त्यांचीच सगळ्यात जास्त धावपळ होते. तारीख पक्की करण्याआधी चर्चचं कॅलेंडर बघा. ईस्टर दरवर्षी हलतो, पाश्चात्य चर्चेसमध्ये तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मधे कधीही येतो, आणि राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा) पहिला दिवस, त्याच्या 46 दिवस आधी. म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमधली तारीख धरताय तर लेंट कधी सुरू होतोय ते आधी बघून घ्या. कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी लग्न लावत नाहीत, बाकीच्या लेंटमध्ये लागू शकतं पण साधेपणा ठेवा म्हणून सांगतात आणि काही फादर सरळ नकोच म्हणतात. ऑर्थोडॉक्स घर असेल तर महाउपवासात (त्यांच्या लेंटमध्ये) लग्न होत नाही, शिवाय त्यांचा ईस्टर बऱ्याच वर्षी वेगळ्या तारखेला येतो, तर नुसतं भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठरवू नका.

वेळ किती हातात ठेवायचा? कॅथलिक लग्नासाठी बऱ्याच ठिकाणी निदान सहा महिने आधी या असं सांगतात, कारण लग्नाआधीचा कोर्स, कागदपत्रं, चर्चमध्ये वाचले जाणारे पुकारे (या दोघांचं लग्न होणार आहे अशी जाहीर सूचना), हे सगळं त्यात बसवायचं असतं. बाप्तिस्म्याला तेवढा वेळ लागत नाही, पण आईवडील आणि गॉडपेरेंट (बाप्तिस्म्यात बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे) यांच्यासाठी एखाद-दोन तयारीच्या बैठका असतात. आईवडील दुसऱ्या शहरात असतील तर त्या तिथल्या चर्चमध्ये करून पत्र आणायची सोय बहुतेक वेळा होते, पण ती आधी विचारली तरच. आणि हो, बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये (म्हणजे ते राहतात त्या भागाच्या चर्चमध्ये) होतो, त्यामुळे माहेरच्या किंवा आजीच्या चर्चमध्ये करायचा असेल तर त्यांच्या फादरना सांगून संमतीचं पत्र घेऊन ठेवा.

अजून एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथॉडिस्ट ही मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळी देत नाहीत, त्यांच्याकडे माणसाने स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा असतो, आणि बाळासाठी समर्पणाची प्रार्थना होते. सासर एका चर्चचं आणि माहेर दुसऱ्या चर्चचं असेल तर "बाळाचं काहीतरी करू" असं मोघम ठेवू नका. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, तो कुठे आणि कुठल्या पद्धतीने हे बाळाच्या आईवडिलांनी शांतपणे बसून ठरवायचं, लग्नघरच्या गोंधळात नाही आणि आत्यांच्या दबावाखाली तर अजिबातच नाही.

एकाच दिवशी की वेगळ्या दिवशी

माझं मत विचाराल तर वेगळ्या दिवशी. शनिवारी लग्न, रविवारी नेहमीच्या उपासनेत बाप्तिस्मा. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा शक्यतो रविवारीच द्यावा असा संकेत आहेच, आणि रविवारी अख्खी मंडळी तशीही हजर असते, त्यामुळे वेगळं बोलवावं लागत नाही. एकाच दिवशी दोन्ही ठेवलं की बाप्तिस्मा लग्नाच्या ओझ्याखाली दबून जातो, फोटोग्राफर नवरीमागे, आजी जेवणामागे, आणि बाळाची आई साडी की गाऊन सांभाळत कोपऱ्यात बाळाला दूध पाजत बसलेली. उलटही होतं, बाळ इतकं गोड असतं की सगळ्यांच्या माना तिकडे, आणि नवरीला वाटतं आज माझा दिवस होता ना!

शनिवार-रविवारची अडचण एकच, आदल्या रात्री सगळे दमलेले असतात. मग लग्न दुपारी लवकर ठेवा आणि रात्रीचा कार्यक्रम वेळेत आटपा, नाचायचं त्यांनी नाचावं पण बाळाचे आईवडील आणि गॉडपेरेंट नऊ वाजता घरी. त्याहून चांगला पर्याय म्हणजे लांबचे लोक आठवडाभर आधी येणार असतील तर बाप्तिस्मा लग्नाच्या आधीच्या रविवारी करून घ्या. शांत होतो, घरच्यांची एकमेकांशी नीट भेट होते, आणि कॉयरचा, माइकचा, पार्किंगचा काय घोळ आहे तो लग्नाच्या आठवडाभर आधीच कळतो.

बाळ नवरा-नवरीचंच असेल (असं असतं, आणि मंडळीने त्यावर कुजबुज करायची काही गरज नाही) तर काही चर्चेसमध्ये लग्न आणि बाळाचा बाप्तिस्मा एकाच उपासनेत करता येतो. ते फादर-पास्टरवर आणि त्या चर्चच्या नियमावर आहे, विचारा, आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका.

कागद

हे कंटाळवाणं आहे पण इथेच गाडी अडते. कॅथलिक लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो आणि तो लहानपणी मिळालेला पिवळा पडलेला कागद चालत नाही, नवा काढलेला हवा, साधारण सहा महिन्यांच्या आतला. लोकांना वाटतं ही उगाच छळवणूक आहे. तसं नाहीये. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या रजिस्टरमध्ये त्या माणसाच्या नावासमोर पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), लग्न, अशा नोंदी होत जातात, त्यामुळे नव्या दाखल्यावरून कळतं की या व्यक्तीचं आधी लग्न झालेलं नाही. ज्यांचा बाप्तिस्मा दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात झालाय त्यांनी पत्र पाठवायला लवकर सुरुवात करा, कारण छोट्या पॅरिशचं ऑफिस आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडं असतं आणि तिथली बाई सुट्टीवर गेली की तुम्हीपण थांबलात.

दोघांपैकी एक दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर कॅथलिक बाजूने बिशपांकडून परवानगी लागते, बाप्तिस्माच न झालेला असेल तर सूट लागते, आणि दोन्ही अर्ज फादरच पुढे पाठवतात. "लग्नासाठी पटकन बाप्तिस्मा घेऊन टाकतो" हा शॉर्टकट मात्र डोक्यातून काढा. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याची तयारी महिनोन्महिने चालते आणि तो साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, आणि खरं तर कोणालाही लग्नाच्या तारखेसाठी धर्म घ्यायला लावणं बरं दिसत नाही. सरकारी नोंदणी वेगळी असते, तुमच्या देशात चर्चमधलं लग्न कायद्याने धरतात की आधी रजिस्टर लग्न करावं लागतं ते त्याच भेटीत विचारून घ्या.

गॉडपेरेंट आणि साक्षीदार: इथे नाती दुखावतात

लग्नाला दोन साक्षीदार पुरतात. नियम फार नाहीत, समोर काय चाललंय ते कळणारी माणसं हवीत. खरी डोकेदुखी गॉडपेरेंटची.

कॅथलिक नियमात एक किंवा दोन, दोन असतील तर एक पुरुष एक स्त्री. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं, स्वतः चर्चशी जोडलेले, आणि बाळाचे आईवडील चालत नाहीत. दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या मित्राला घ्यायचं असेल तर तो कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीला ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये साधारणपणे तीन लागतात, त्यातले दोन बाळाच्याच लिंगाचे, पण तीन मिळतच नसतील तर एक गॉडफादर आणि एक गॉडमदर एवढ्यावरही भागवतात. तेव्हा आधी नियम विचारा आणि मग माणसाला विचारा, हा क्रम उलटा करू नका. एकदा विचारून मग "सॉरी, तुझं दृढीकरण झालेलं नाही" असं सांगणं किती अवघड होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच माहीत.

आणि एक मोह टाळा, नवरा-नवरीलाच गॉडपेरेंट करणं. दिसायला छान वाटतं. पण त्या आठवड्यात त्या दोघांना दुसरं काही सुचत नसतं आणि तयारीच्या बैठकीला ते हमखास गळतात. शिवाय शनिवारी लग्न झालेलं जोडपं रविवारी सकाळी बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाजवळ जांभया देत उभं. ज्यांना त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नाही असे निवडा. काका रुसेल म्हणून काकाला, हेपण नको. रुसणाऱ्या काकाला शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) वाचायला द्या, तो मान मोठा आहे आणि अख्ख्या चर्चसमोर आहे.

मंडळीला कामाला लावणे

आता मुख्य भाग. आधी आमंत्रण. घट्ट मंडळीत निवडक पत्रिका वाटणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. चर्चमधला विधी सगळ्यांसाठी खुला ठेवा आणि तसं रविवारी सूचनांच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे कोणी "आम्हाला कळलंच नाही" म्हणू शकत नाही. जेवणाला सगळे नसतील परवडत, ठीक आहे, मग विधीनंतर चर्चच्या आवारात चहा आणि काहीतरी खायला सगळ्यांसाठी, आणि मोठं जेवण नंतर, घरच्यांसाठी. हे आधीच मोकळेपणाने सांगितलं तर लोक समजून घेतात, लपवलं तर नाही घेत.

तीन प्रकारच्या लोकांकडे स्वतः जा, मेसेज पाठवून भागवू नका. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झालाय, कारण ते येऊ की नको या विचारात असतात आणि तुम्ही जाऊन "या, आणि लवकर निघावंसं वाटलं तर निघा" असं म्हटलं की त्यांचं ओझं उतरतं. जे आता चर्चला येऊ शकत नाहीत, आजारी आहेत, त्यांच्याकडे नवरा-नवरी किंवा बाळाला घेऊन पाच मिनिटं जाऊन या, तीच त्यांची पत्रिका. आणि ज्या घराशी तुमचं बोलणं बंद आहे. होय, त्यांच्याकडेपण. आले तर उत्तम, नाही आले तरी मंडळीत दोन गट पडत नाहीत.

कामं वाटताना "कोणीतरी फुलांचं बघा" असं म्हणायचंच नाही. नाव घेऊन सांगायचं, आणि काम कुठे संपतं तेपण सांगायचं. उदाहरणार्थ फुलं अमुक मावशी, वेदीची आणि कुंडाची, शुक्रवारी संध्याकाळी, रंग पांढरा, बजेट इतकं, त्यापुढे खर्च करायचा तर आधी विचारायचं. फुलं कशी रचायची हे मात्र पूर्णपणे मावशीवर सोडा. तुम्ही रंग आणि पैसा ठरवलात, बाकी तिचं. दारात उभं राहणारे, बाहेरच्यांना जागा दाखवणारे, म्हाताऱ्यांना गाडीतून आणणारे, लहान मुलांसाठी बाजूची खोली सांभाळणारे, माइक बघणारा, चाव्या असणारा. चाव्या कोणाकडे आहेत ते खरंच लिहून ठेवा! एक व्हॉट्सअॅप ग्रुप कामाचा करा ज्यात फक्त काम करणारे, आणि एक सगळ्यांचा ज्यात फक्त सूचना. दोन्ही एक केले की शुभेच्छांच्या फुलांखाली "जनरेटर किती वाजता येतोय" हा मेसेज गाडला जातो.

नवरा-नवरी आणि बाळाचे आईवडील यांचे फोन त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. अशी एक व्यक्ती हवी जी घरची आहे, मंडळी तिचं ऐकते, आणि जिला "हो" किंवा "नाही" म्हणायचा अधिकार दिलेला आहे. बहुतेक वेळा ती एखादी न रडणारी मावशी असते.

विधीचं कागदावर उतरवा

फादरसोबत बसून शास्त्रपाठ आणि गाणी ठरवा. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय सगळ्यांना हवाच असतो, आणि गंमत म्हणजे तो लग्नासाठी लिहिलेलाच नाही, आपापसात भांडणाऱ्या एका मंडळीसाठी लिहिलाय, त्यामुळे लग्नाची तयारी करणाऱ्या कमिटीलापण तो वाचून दाखवायला हरकत नाही. रूथचं "तू जाशील तिथे मी येईन" हेपण लग्नात वाचतात, ते सून सासूला म्हणते. काना गावच्या लग्नाचा उतारा योहानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण तिथे जेवणावळीत द्राक्षारस संपलाय आणि मदतीला नोकरचाकर धावतायत, म्हणजे अगदी खरं लग्नघर. रविवारी मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) बाप्तिस्मा असेल तर लेंट, आगमनकाळ (ख्रिसमसआधीचे आठवडे) आणि ईस्टरकाळातल्या रविवारी त्या दिवसाचे ठरलेले पाठच राहतात, तिथे आपली आवड चालत नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी एक घडीचा कागद छापा. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, उत्तर काय द्यायचं, गाण्याचे शब्द. कम्युनियन (उपासनेतला पवित्र भाकर-द्राक्षारस) कोणी घ्यायचं ते फादर-पास्टरना स्वतः सांगू द्या, कॅथलिक चर्चमध्ये इतर पंथाच्या लोकांना ते सहसा देत नाहीत आणि ऐन वेळी रांगेत कोणाला थांबवलं की दोन्ही बाजूंना लाज वाटते. फोटोग्राफरला विधीआधी फादरसमोर उभं करा आणि कुठे उभं राहायचं, फ्लॅश चालेल का, ते तिथेच ठरवा. लाइव्ह करणार असाल तर इतरांची मुलं कॅमेऱ्यात येतायत हे लक्षात ठेवा, आधी विचारा.

बाळाच्या दिवशी

इथे बारीक गोष्टींवर सगळं असतं. विधीच्या साधारण अर्धा तास आधी बाळाला पाजा, ढेकर काढा, आणि मग कपडे घाला, उलट नको. पिढ्यानपिढ्या आलेला पांढरा झगा असेल तर आठवडाभर आधी घालून बघा, कारण तीन महिन्यांच्या बाळासाठी शिवलेला झगा आठ महिन्यांच्या बाळाला मानेत बसत नाही आणि पाठीमागची ती बारीक बारीक बटणं चर्चच्या दारात रडणाऱ्या बाळावर लावून बघाच एकदा. आत साधा, पुढून उघडणारा सुती कपडा. कॅथलिक विधीत छातीवर तेल लावतात तेव्हा गळा पटकन मोकळा करता आला पाहिजे. नंतर डोक्यावर क्रिझम (बिशपांनी पवित्र केलेलं सुगंधी तेल) लागतं, त्यामुळे टोपी हातात ठेवा, डोक्यावर नको.

पाणी थोडं कोमट ठेवायला आधी सांगता येतं, सॅक्रिस्टीतल्या (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीतल्या) माणसाला सांगायला लाजू नका. बाळाला धरणाऱ्याने मानेखाली तळहात, डोकं कुंडावर, चेहरा किंचित एका बाजूला, म्हणजे पाणी कपाळावरून मागे वाहतं, डोळ्यात जात नाही. ऑर्थोडॉक्स विधीत बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात, तिथे मोठा टॉवेल आणि पूर्ण कोरडे कपडे हवेतच, आणि तो टॉवेल गॉडपेरेंटच्या हातात उघडा तयार असावा. बाळाची मेणबत्ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून देतात, ती वडिलांनी किंवा गॉडफादरने धरायची, बाळ ज्याच्या हातात आहे त्याने नाही. झालरीच्या झग्याजवळ ज्योत नको.

बाळ रडलं तर रडू दे. मंडळीला सवय असते, आणि कुठल्याही फादरला रडणाऱ्या बाळाने अजून घाबरवलेलं नाही.

जेवण, आवराआवर, पाकिटं

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त प्रत्येक घर एक पदार्थ आणणार असेल तर यादी एकाच व्यक्तीकडे, ज्याला काय चालत नाही ते भांड्यावर चिठ्ठीने लिहिलेलं, आणि भांड्याखाली मालकाचं नाव चिकटवलेलं. शनिवारी रात्री हॉल झाडून, खुर्च्या रविवारच्या उपासनेसारख्या लावून मगच घरी, आणि ही टीम दिवसभर राबलेल्यांची नको, तरुणांची वेगळी ठेवा. फादर, ऑर्गन वाजवणारा, चर्च साफ करणारा, यांची पाकिटं नाव घालून आदल्या दिवशीच न रडणाऱ्या मावशीकडे देऊन ठेवा, कार्यक्रम संपल्यावर कोणाच्या खिशात काय होतं ते आठवत नाही.

विधी झाल्यावर लगेच सगळे फोटोसाठी बाहेर पळतात. एका माणसाला आत ठेवा. लग्नाच्या रजिस्टरवर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या झाल्या का, पेन चालतंय का, बाळाच्या नोंदीत आईवडिलांची आणि गॉडपेरेंटची नावं, जन्मतारीख, जन्माचं ठिकाण बरोबर आहे का, हे जन्माचा दाखला हातात धरून, ओळीवर बोट ठेवून तपासा. बाळाचा बाप्तिस्मा आजीच्या चर्चमध्ये झाला असेल तर आईवडिलांच्या पॅरिशमध्ये दाखल्याची एक प्रत द्या आणि तुमच्या फाइलमध्ये चर्चचं नाव, तारीख आणि रजिस्टरचा पान नंबर लिहून ठेवा, पंचवीस-तीस वर्षांनी याच बाळाच्या लग्नासाठी कोणीतरी त्या ऑफिसला पत्र लिहिणार आहे आणि पान नंबर असला तर ते काम एका फोनवर होतं.